दाढीचा ब्रश: केस कशाचे, भेट कोणासाठी?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

शेतात कापूस फुटायला लागला, घराघरांत फराळाचं बोलणं सुरू झालं, की आपल्या बचत गटांत आणखी एक विषय निघतो. यंदा भाऊबीजेला भेटवस्तूंचे संच करायचे का? मागच्या काही वर्षांत आपल्या तालुक्यातल्या बऱ्याच जणी उटणं, पणत्या, फराळ असे संच करून विकतात. ते सगळे संच बहुतेक बाईच्या हौसेचे. भावासाठी, बापासाठी, सासऱ्यासाठी काय द्यायचं म्हटलं की आपलं घोडं अडतं. शर्टपीस, रुमाल, टोपी, उपरणं, की संपली यादी.

म्हणून आज एक छोटी, पण रोज सकाळी हातात येणारी वस्तू निवडली आहे. दाढीचा ब्रश. पूर्वी जावयाला दाढीचं सामान द्यायची पद्धत होती. पत्र्याचा डबा, आरसा, ब्रश, वाटी, साबण आणि रेझर. आता तीच हौस नव्या रूपात आली आहे. मोबाईलवर सुंदर खोक्यांतले ब्रश दिसतात आणि त्यांवर लिहिलेलं असतं, ‘बॅजरच्या केसांचा अस्सल ब्रश’. एका ताईंनी विचारलं, "पुण्याला नोकरी करणाऱ्या भावाला असा ब्रश द्यायचाय. हजारो रुपये किंमत आहे. घेऊ का? आणि हे बॅजर म्हणजे नेमकं काय?" प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर नीट समजून घेतलं तर पैसे वाचतील, भेट उपयोगी पडेल, आणि विकणाऱ्या गटावर नको ती आफतही येणार नाही.

ब्रश नेमकं काय करतो?

आधी ब्रशचं काम समजून घेऊ. दाढीचा कोरडा केस कडक असतो. तो पाणी प्यायला की मऊ होतो आणि पत्तीला सहज कापता येतो. याला दोन-तीन मिनिटं लागतात. ब्रश इथे तीन कामं करतो. आपल्या झुबक्यात कोमट पाणी धरून ठेवतो, साबणाचा दाट फेस करतो, आणि गालावर गोल फिरताना त्वचेला चिकटून बसलेले केस उभे करतो. केस भिजलेला आणि उभा असला की पत्ती खेचत नाही, कापतं कमी, पुळ्याही कमी येतात. ही तीन कामं जो नीट करील तो ब्रश चांगला. त्याची मूठ शिंगाची आहे की प्लास्टिकची, त्याचा फेसाशी संबंध नाही.

एक गोष्ट मात्र भेट घेण्याआधी विचारून घ्या. तुमचा भाऊ डब्यातून फसकन निघणारा तयार फोम वापरत असेल, किंवा नळीतलं ब्रशशिवायचं क्रीम वापरत असेल, तर त्याला ब्रश लागत नाही. त्याने दाढी राखली असेल आणि फक्त मशीनने कडा कोरत असेल, तरीही लागत नाही. जो साबण किंवा फेसाचं क्रीम वापरतो, त्याच्यासाठीच ही भेट.

चार प्रकारचे केस

बाजारात मिळणाऱ्या ब्रशांत साधारण चार प्रकारचे केस असतात: बॅजरचे, डुकराचे, घोड्याचे आणि कारखान्यात बनवलेले, म्हणजे नायलॉनसारख्या धाग्याचे.

बॅजर हा बिळात राहणारा, ठेंगणा, मातीत नखांनी खणणारा प्राणी. युरोप आणि आशियाच्या थंड भागांत तो आढळतो. त्याच्या केसाचं टोक फिकट, मध्ये काळसर पट्टा आणि मूळ पुन्हा फिकट असतं. हा केस पाणी छान धरतो आणि टोकाला मऊ असतो, म्हणून इंग्लंड-युरोपात श्रीमंतांच्या दाढीला तो पसंत पडला. आपल्याकडेही साहेबी थाट म्हणून त्याचं नाव झालं. गंमत अशी, की ज्या ब्रिटनमधून ही आवड पसरली तिथे १९९२ च्या कायद्याने बॅजर संरक्षित आहे. आज जगातल्या ब्रशांसाठीचे बॅजरचे केस प्रामुख्याने चीनमधून येतात. हे केस मेंढीच्या लोकरीसारखे कातरून घेतलेले नसतात. प्राणी मारून, त्याच्या कातड्यावरून काढलेले असतात. २०१८ साली पेटा एशिया या प्राणिहक्क संस्थेने चीनमध्ये या प्राण्यांना पिंजऱ्यांत कसं ठेवतात आणि कसं मारतात याचं चित्रण जगापुढे ठेवलं. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी बॅजरचे केस वापरणं सोडून दिलं.

आपल्या सातपुड्यात बॅजरचाच एक लांबचा नातेवाईक राहतो. वनखात्याची माणसं त्याला चांदी अस्वल म्हणतात, हिंदीत बिज्जू म्हणतात. पाठीवर पांढुरकी झूल, खाली काळं अंग, आणि अंगापेक्षा हिंमत मोठी. इंग्रजीत याच्याही नावात बॅजर आहे, म्हणून गोंधळ होतो. दुकानातल्या ब्रशचा बॅजर तो हा नव्हे. आपलं चांदी अस्वल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात आहे. त्याचे केस, नखं, कातडं, काहीही विकणं-विकत घेणं हा गुन्हा आहे. कोणी "जंगलातून आणलंय, अस्सल आहे" असं सांगत काही दाखवलं, तर तिथून दूर व्हा.

डुकराचे केस राठ असतात. ते पाठीवरचे असतात आणि ब्रश आधी कोमट पाण्यात भिजवावा लागतो. सुरुवातीला त्याला जनावराचा वास येतो. काही आठवडे वापरल्यावर केसांची टोकं फुटून तो मऊ होतो. बॅजरपेक्षा बराच स्वस्त. घोड्याचे केस शेपटीचे आणि आयाळीचे असतात. ते कातरून घेता येतात, त्यासाठी घोडा मारावा लागत नाही. पण आपल्याकडच्या दुकानांत असे ब्रश कमी दिसतात.

चौथा प्रकार नायलॉन. याची एक गोष्ट सांगते. दात घासायच्या ब्रशला पूर्वी डुकराचे केस असत. अमेरिकेत १९३८ साली नायलॉनचे धागे पहिल्यांदा दातांच्या ब्रशला लावले गेले. आज आपल्यापैकी कोणी दुकानात जाऊन "डुकराच्या केसांचा टूथब्रश द्या" म्हणतं का? दाढीच्या ब्रशच्या बाबतीतही बदल तसाच झाला आहे. जुना स्वस्त नायलॉन ब्रश टोचायचा, फेस पातळ करायचा, त्यामुळे त्याचं नाव वाईट झालं. आताचे धागे बारीक असतात, त्यांची टोकं निमुळती केलेली असतात. चांगला नायलॉन ब्रश गालाला मऊ लागतो, कमी साबणात दाट फेस करतो आणि लवकर वाळतो.

पट्टा पाहून फसू नका

आता मोबाईलवरच्या त्या ‘अस्सल बॅजर’कडे वळू. केसांवर काळा-पांढरा पट्टा दिसला म्हणजे बॅजर, असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. डुकराच्या पांढऱ्या केसांवर रंगाने पट्टा ओढून ते बॅजरसारखे दाखवता येतात. नायलॉनच्या धाग्यालाही कारखान्यात तसाच पट्टा देता येतो. आणि तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्या बांधावरच्या मुंगसाच्या केसालाही निसर्गतःच फिकट-गडद पट्टे असतात.

मुंगूस आपल्याला नवं नाही. बांधावर, कुंपणाशी, कपाशीच्या ओळींतून सुर्रकन पळतं. पोरं त्याला तोंड दाखव म्हणून विनवतात, आणि सकाळी दिसलं तर दिवस चांगला जाणार असं आपण म्हणतो. ते उंदीर खातं, साप मारतं, शेतकऱ्याची राखण फुकट करतं. भारतात मुंगसाच्या सहा जाती आहेत. या सगळ्यांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि २००२ पासून ते अधिक कडक झालं आहे. कारण काय? तर ब्रश. मुंगसाचे केस मुख्यतः चित्रकलेच्या कुंचल्यांसाठी वापरले गेले, दाढीच्या ब्रशांसाठीही वापरले गेले. एका मुंगसापासून जेमतेम २० ग्रॅम कामाचे केस मिळतात. म्हणजे एक किलो केसांसाठी सुमारे पन्नास मुंगसं मारावी लागतात.

२०१९ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने देशभर एकाच वेळी छापे घातले. उत्तर प्रदेशातलं शेरकोट हे ब्रश बनवण्याचं मोठं गाव, राजस्थानातलं जयपूर, आणि आपल्या महाराष्ट्रातली मुंबई आणि पुणे ही शहरंही त्यात होती. हजारो ब्रश आणि शंभर किलोपेक्षा जास्त मुंगसाचे केस जप्त झाले. हिशेब करा. शंभर किलो म्हणजे पाच हजार मुंगसं. तेवढ्या मुंगसांनी किती गावांच्या शिवारांतले उंदीर खाल्ले असते!

हे मी तुम्हाला का सांगते? कारण आपले गट आता नुसते घेणारे राहिलेले नाहीत, विकणारेही झाले आहेत. गटाच्या दुकानात शाळेच्या पोरांसाठी कुंचले ठेवतात, संचात ब्रश घालतात. असा माल ठोक बाजारातून खुल्या पुड्यांत येतो, त्यावर कशाचे केस ते लिहिलेलं नसतं. मुंगसाच्या केसांचा ब्रश जवळ बाळगणं आणि विकणं, दोन्ही गुन्हे आहेत, आणि सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "आम्हाला माहीत नव्हतं" हे उत्तर कोर्टात फार उपयोगी पडत नाही. गटाचं नाव, बायकांची वर्षानुवर्षांची बचत आणि बँकेतली पत, हे सगळं वीस रुपयांच्या ब्रशापायी धोक्यात घालायचं नाही.

केस मुंगसाचे आहेत की दुसऱ्या कशाचे, हे नुसत्या नजरेने खात्रीने सांगणं कठीण. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. म्हणून आपला नियम सोपा ठेवू. ज्या ब्रशवर किंवा खोक्यावर केस कशाचे ते छापलेलं नाही आणि दुकानदार बिलावर लिहून द्यायला तयार नाही, तो ब्रश गटासाठी घ्यायचा नाही. ‘नैसर्गिक केस’ एवढंच लिहिलं असेल तर तेही पुरेसं नाही. कोणत्या प्राण्याचे, ते विचारा. आपल्या अहिराणीत सरळ विचारा, "भाऊ, हाऊ ब्रश कसाना शे?" उत्तर अडखळलं, की पुढच्या दुकानात चला. कुठे मुंगसाच्या केसांचा माल विकताना दिसला, तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवता येतं. आणि नायलॉनचा ब्रश ‘बॅजर’ म्हणून कोणी गळ्यात मारला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

जळणाऱ्या केसाची परीक्षा

केस प्राण्याचा आहे की कारखान्यातला, एवढं मात्र घरी कळतं. साडी रेशमी आहे की पॉलिएस्टरची हे पाहायला आपण पदराचा एक धागा जाळतो, तीच युक्ती. ब्रशमधून गळलेला एखादा केस चिमट्यात धरून काडीपेटीच्या ज्योतीजवळ न्या. प्राण्याचा केस चरचर जळतो, जळक्या केसांचा वास येतो आणि बोटांत चुरल्यावर राख होते. नायलॉन वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. गोळी थंड झाल्याशिवाय हात लावू नका. या परीक्षेने प्राणी कोणता ते समजत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

स्वस्तात ‘बॅजर’ मिळतो तेव्हा

खोट्या बॅजरची एक जुनी गोष्ट आहे, ती आरोग्याची आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, म्हणजे १९१४ नंतर, सैनिकांसाठी दाढीच्या ब्रशांची मागणी फार वाढली. बॅजरचे केस पुरेनात. मग आशियातून आणलेले घोड्याचे स्वस्त केस बॅजरसारखे दिसतील असे करून ब्रश बनवले गेले. त्यांतले काही नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्या केसांतून अँथ्रॅक्सचे, म्हणजे आपण जनावरांच्या बाबतीत ज्याला काळपुळी म्हणतो त्या रोगाचे जंतू आले. दाढी करताना गालावर, मानेवर बारीक ओरखडे पडतातच. तिथून जंतू आत शिरले आणि इंग्लंड-अमेरिकेत अनेक माणसं आजारी पडली, काही दगावली. नवा ब्रश, नवा साबण, आणि त्यातून जनावराचा रोग! कोणाला संशय तरी कसा येणार?

आजच्या कारखान्यांत केस निर्जंतुक करण्याच्या पद्धती सुधारल्या आहेत, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण जुन्या बाजारातून आणलेला, कुठून आला ते माहीत नसलेला प्राण्याच्या केसांचा ब्रश ‘जुनी शान’ म्हणून कोणाला भेट देऊ नये. घरातला वापरलेला ब्रश धुऊन दुसऱ्याला देणंही टाळा. ब्रश उकळून शुद्ध करू म्हणाल, तर उकळत्या पाण्याने झुबका बसवलेला गोंद सुटतो आणि केस हातात येतात.

श्रद्धेचा आणि जेवणाचा मान

आपल्या शिरपूर भागात सगळ्या जातिधर्मांची माणसं एका बाजारात खरेदी करतात. डुकराचे केस मुसलमान घरात चालत नाहीत. जैन घरात आणि पंथाची माळ घातलेल्या शाकाहारी माणसाला कुठल्याही प्राण्याचा केस तोंडाला लावणं आवडणार नाही. आपण प्रेमाने दिलेली वस्तू समोरच्याने अवघडून कपाटात ठेवून द्यावी, याहून वाईट काय? आणि कळल्यावर तर मन दुखावतं. म्हणून संच विकणाऱ्या गटांनी खोक्यावर ठळक लिहावं, ‘ब्रशचे केस: नायलॉन’. या एका ओळीने सगळ्यांच्या घरात तो ब्रश जाऊ शकतो. दुकानदारीच्या दृष्टीनेही हे शहाणपणाचं आहे.

मग निवडायचा कसा?

आता दुकानात उभ्या आहात असं समजा. पुण्याच्या भावासाठी असो की गावातल्या वडिलांसाठी, मी तरी चांगला, बारीक टोकांचा नायलॉन ब्रश घ्या असंच सांगेन. बॅजरला हजारो रुपये लागतात. चांगला नायलॉन ब्रश शे-दोनशे-तीनशे रुपयांत बसतो. घेताना पाच गोष्टी पाहा.

पहिली, झुबक्याची जाडी. केस मुठीत जिथे बसवलेले असतात तिथे हल्लीचं एक रुपयाचं नाणं धरून पाहा. ते साधारण २० ते २२ मिलिमीटरचं असतं. झुबका तेवढा असला की बहुतेकांच्या चेहऱ्याला पुरतो. फार जाडा असला तर फेस नाकात-कानात जातो, फार बारीक असला तर गाल भरायला वेळ लागतो.

दुसरी, केसांची लांबी. मुठीच्या वर तीन बोटं, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर केस असावेत. त्याहून लांब असले तर ब्रश लिबलिबीत होतो, आखूड असले तर टोचतो.

तिसरी, टोकांचा स्पर्श. ब्रश आपल्या तळहातावर नको, मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा गालावर फिरवून पाहा. कामाने राठ झालेल्या तळहाताला टोचणं समजत नाही. नंतर हलकं दाबा. केस पसरून पुन्हा सरळ उभे राहिले पाहिजेत.

चौथी, केस गळणं. झुबका चिमटीत धरून अलगद ओढा. नव्या ब्रशचे दोन-चार केस गळतात, ते चालतं. झुपक्याने आले तर तो ब्रश परत ठेवा.

पाचवी, मूठ. ओल्या, साबणाच्या हातातून ती निसटू नये. पैलू असलेली किंवा मध्ये निमुळती मूठ चांगली. चकचकीत, गोल, जड मूठ दिसायला छान, पण मोरीत पडून फुटते.

माणूस बघून ब्रश

भेट म्हटली की घेणाऱ्या माणसाचा विचार आधी. वडील म्हातारे असतील, हात थरथरत असतील किंवा बोटांना सांधेदुखी असेल, तर मूठ जाड घ्या. ती मावत नसेल तर तिच्यावर जुन्या सुती कापडाची पट्टी घट्ट गुंडाळून शिवता येते. पट्टी मात्र आठवड्याला बदला. अशा माणसाचा हात धरून आपल्याला दाढी करून द्यावी लागते. लकवा झालेल्या सासऱ्याची, अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची दाढी आपल्यातल्या किती जणी करतात! त्याबद्दल कोणी बोलत नाही. या कामात मऊ ब्रशचा उपयोग सर्वांत जास्त. आधी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं दोन मिनिटं गालावर ठेवा. मग फेस लावून थोडं थांबा. कातडी एका हाताने ताणून धरा आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने रेझर चालवा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर कापल्यावर रक्त लवकर थांबत नाही, अशांसाठी पत्तीऐवजी मशीन बरं.

नुकतीच दाढी फुटलेल्या मुलाच्या गालावर मुरुमं असतात. त्याला अगदी मऊ ब्रश द्या आणि जोरात घासू नको म्हणून सांगा. पिकलेल्या मुरुमांवर ब्रश फिरवला तर पू इकडचा तिकडे पसरतो.

गावातल्या बहुतेक पुरुषांची दाढी आठवड्याच्या बाजारादिवशी न्हाव्याकडे होते. त्यांना ब्रश कशाला, असं म्हणाल. खरी गरज त्यांनाच आहे. एकच ब्रश वीस चेहऱ्यांवर फिरला की गजकर्ण, पुळ्या असे त्वचेचे आजार पसरू शकतात. पत्ती किंवा वस्तरा तोच वापरला तर धोका त्याहून मोठा. हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताची गंभीर कावीळ, रक्तातून पसरते. तिचे विषाणू अंगाबाहेर, कोरड्या पत्तीवरसुद्धा सात दिवस जिवंत राहू शकतात. म्हणून भावाला एक छोटी कापडी पिशवी शिवून द्या. तिच्यात त्याचा स्वतःचा ब्रश, नव्या पत्त्यांचं पाकीट आणि स्वतःची तुरटी. ही पिशवी घेऊन तो न्हावीदादांकडे जाईल. न्हावीदादांना यात अपमान वाटायचं कारण नाही. त्यांच्या हातातलं कसब तेच राहतं, आणि त्यांचीही राखण होते. एका घरात बाप आणि तीन मुलगे असतील, तर ब्रशही चार असावेत. मुठीला वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधला की ओळख पटते.

निगा राखायची चिठ्ठी

ब्रशबरोबर चार ओळींची चिठ्ठी द्या. काम झालं की केसांच्या मुळापर्यंतचा साबण धुऊन काढावा. ब्रश झटकावा, फडक्यावर हलकेच टिपावा. केस खाली करून टांगावा किंवा हवेशीर जागी उभा ठेवावा. ओला ब्रश डब्यात बंद केला की त्याला कुबट वास येतो आणि बुरशी धरते. कापडी पिशवीतसुद्धा तो वाळल्यावरच ठेवायचा.

आपल्याकडे बऱ्याच गावांत बोअरचं पाणी जड असतं. डाळ लवकर शिजत नाही, बादलीला पांढरा थर बसतो, तसाच थर ब्रशच्या मुळाशी साबणाबरोबर साचतो आणि केस चिकट, कडक होतात. महिन्यातून एकदा वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून ब्रश पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि साध्या पाण्याने धुवा. केस पुन्हा मोकळे होतात. जड पाण्यात फेस धरत नाही अशी तक्रार असेल, तर दाढीपुरतं वाटीभर पिण्याचं पाणी घेतलं तरी फरक दिसतो. केस गळायला लागले किंवा मुळाशी काळं दिसलं की ब्रश टाकून नवा घ्यावा.

गटासाठी हिशेब

संच करणाऱ्या मैत्रिणींनी ब्रश, साबणाची वाटी, दाढीचा साबण, तुरटीचा खडा, नव्या पत्त्या आणि आपण शिवलेली पिशवी एवढं एकत्र ठेवलं तर छान भेट होते. पिशवी, चिठ्ठी आणि बांधणी आपली, म्हणून नफाही त्यातच. आधी दहाच संच करा. एक ब्रश घरी पंधरा दिवस वापरून बघा, मग पुढचा माल उचला. ठोक व्यापाऱ्याकडून पक्कं बिल घ्या आणि त्यावर ‘नायलॉन’ हा शब्द लिहून घ्या. ते बिल गटाच्या वहीत चिकटवा.

आणि त्या ताईंना माझं उत्तर. ताई, पुण्याच्या भावाला बॅजरचा ब्रश देऊ नका. त्या किमतीत त्याला चांगला नायलॉन ब्रश, वर्षभराचा साबण आणि पत्त्या देऊनही पैसे उरतील. हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का, तेही ओवाळताना विचारून टाका. बहिणीने विचारलं की भाऊ ऐकतो.

येत्या बाजाराला जाल तेव्हा कुठल्याही ब्रशला हात लावण्याआधी तो प्रश्न विसरू नका: "भाऊ, हाऊ ब्रश कसाना शे?" नमस्कार.